खिळा ठोकलेलं कडं

केज तालुक्यातली शाळकरी पोरं मनिषाला ‘नखंबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची एकाचीही छाती नव्हती. फुटबॉलच्या सामन्याला पंच म्हणून ती आली की दोन्ही संघांना आधी ओळीनं उभं करायची आणि हात पुढं करायला लावायची. नखं वाढलेली दिसली की खिशातून नेलकटर बाहेर. मग बुटांचे तळवे. मग मोज्यात शिनगार्ड आहे की वहीचा पुठ्ठा, ते बोटानं ठोकून बघायची, कारण पुठ्ठा घालून येणारे बहाद्दर तिनं पोत्यानं पाहिले होते. मग कानातली बाळी, बोटातली अंगठी, गळ्यातला ताईत, मनगटातला गंडा. सगळं उतरवून ती एका स्टीलच्या डब्यात ठेवायची.

“बाई, देव कोपंल,” एखादं पोरगं काकुळतीला यायचं.

“देवाला माझं नाव सांग. सामना झाला की माझ्या हातानं बांधून देते.”

आणि द्यायचीही. ज्याचा त्याचा गंडा ज्याच्या त्याच्या मनगटात, गाठसुद्धा घट्ट. बाकीचे पंच हसायचे. तालुक्याचा सामना, मैदानात निम्मी ढेकळं, कडेला शेळ्या, आणि ही बाई पोरांची नखं बघत बसलीय! त्यांना वाटे, बाईला नियमांचं भारीच वेड. वेडबिड काही नव्हतं. एखाद्यानं दावा धरावा आणि रोज उशाखाली कोयता घेऊन झोपावं, तसा मनिषानं एक नियम उशाखाली घेतला होता. कोयता कुणासाठी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मनिषाचे आईवडील, मंजुळाबाई आणि आसाराम, लिंबागणेशजवळच्या वस्तीवरचे. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकात बसून ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळा लागला की परतायचे. तेवढे महिने मनिषा आणि तिचा धाकटा भाऊ परमेश्वर शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायची. ती दहावीत, तो आठवीत. आई निघताना एकच सांगून जायची, “त्याच्याकडं ध्यान ठेव गं.” परमेश्वर गोलकीपर होता. उंचीनं बेताचाच, पण अंगात स्प्रिंग असल्यासारखी उडी. त्याच्या भरवशावर वसतिगृहाच्या पोरांची टीम त्या वर्षी पहिल्यांदाच पुढच्या फेरीत गेली, आणि सामना पडला सुंदररावांच्या शाळेशी, त्यांच्याच मैदानावर.

सुंदरराव म्हणजे मोठे बागायतदार, शिक्षणसंस्थेचे मालक, आणि दहा गावांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांच्या घराची एक रीत होती. जो आपला झाला, त्याच्या हातात ते स्टीलचं कडं घालायचे. कड्याचं तोंड उघडं असे. हातात चढवलं की दोन्ही टोकं एकावर एक दाबून त्यात खिळा ठोकायचा. एकदा खिळा बसला की कडं निघत नसे. निघत नाही हीच त्याची शान. तहसीलमध्ये, बाजारात, एस.टी. स्टँडवर, हातातलं कडं दिसलं की समोरचा माणूस आपोआप बाजूला सरायचा.

सुंदररावांचा मुलगा रविराज तेव्हा दहावीत होता आणि त्याच शाळेकडून पुढच्या फळीत खेळत होता. हातात अर्थातच कडं. सामन्याला पंच होते बद्रीनाथ सर, त्याच शाळेचे क्रीडाशिक्षक. म्हणजे खेळणारे त्यांचे, मैदान त्यांचं आणि शिट्टीही त्यांचीच. मनिषा पाण्याची कळशी घेऊन गोलच्या मागं उभी होती. तिला ते कडं दिसलं. सोळा वर्षांची पोर, नियम कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण खिळ्याचं डोकं वर आलेलं दिसत होतं.

“सर, त्याच्या हातात कडं हाय. लागंल कुणाला तरी.”

बद्रीनाथ सरांनी खिशातून चिकटपट्टी काढली, कड्याभोवती दोन वेढे दिले आणि म्हणाले, “झालं? हो बाजूला.”

घामानं ती चिकटपट्टी केव्हाच सुटली. उत्तरार्धात कोपऱ्यावरून चेंडू आला, परमेश्वर आणि रविराज एकदमच उडाले. परमेश्वरनं चेंडू धरला. रविराजचा हात वरून खाली आला आणि कड्याचा खिळा परमेश्वरच्या डाव्या डोळ्यात गेला.

चेंडू मात्र त्यानं सोडला नव्हता. मनिषानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हाही चेंडू त्याच्या पोटाशी होता.

वडापच्या जीपमधून केज, तिथून बीड, तिथून आणखी मोठ्या शहरातला दवाखाना. आईवडील कर्नाटकातल्या फडावरून येईपर्यंत डोळा गेलेला होता. मंजुळाबाई लेकाच्या पट्टीवरून हात फिरवत राहिली आणि मनिषाला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात सुंदरराव वसतिगृहावर आले. सफरचंदांची करंडी, दोन गाड्या, मागं बद्रीनाथ सर. रविराज बापाच्या खुर्चीमागं उभा राहून कडं मनगटावर गोल गोल फिरवत होता. आसारामनं हात जोडले. हात कुणी जोडायचे होते आणि जोडले कुणी! मनिषा दारात उभी होती. तिनं सरळ रविराजला विचारलं, “तुला काईच वाटत न्हाई का बे?”

‘बे’ ऐकून खोलीतली माणसं चपापली. रविराजनं खांदे उडवले. “मी काय मुद्दाम मारलं का? खेळात लागतंच.”

एवढंच. माफी नाही, चुकलं नाही. सुंदररावांनी मान डोलवली, बद्रीनाथ सरांनीही डोलवली, आणि सफरचंदं ठेवून मंडळी गेली. मनिषानं ती करंडी उचलली आणि उकिरड्यावर नेऊन रिकामी केली. त्या दिवसापासून ‘खेळात लागतंच’ हे दोन शब्द तिच्या कानात घर करून बसले. पुढची सगळी वर्षं ती त्या दोन शब्दांवर जगली म्हटलं तरी चालेल.

ती शिकली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, केजमधल्या एका शाळेत लागली, पंचांची परीक्षा दिली. परीक्षेच्या अभ्यासात तिला तो नियम सापडला: अंगावर दागिना असेल तर खेळाडूनं मैदानात पाऊल टाकायचं नाही, चिकटपट्टी गुंडाळून चालणार नाही, आणि हे पाहण्याचं काम पंचाचं, सामना सुरू व्हायच्या आधी. मनिषानं तो पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे नियम होता. त्या दिवशीही होता. बद्रीनाथ सरांना तो पाठ होता. नियम होता आणि त्यावर त्यांनी दोन वेढे चिकटपट्टी मारली होती.

परमेश्वरचं मात्र निराळंच. त्यानं वेल्डिंगचं दुकान टाकलं, तेही त्याच मैदानाच्या समोरच, रस्त्यापलीकडं. एका डोळ्यानं तो सरळ रेघ अशी बघायचा की दोन डोळेवाल्यांनी त्याच्याकडून दरवाजे करून न्यावेत. मैदानावरचे गोलचे खांबही त्यानंच केलेले, जमिनीत हातभर गाडून, सिमेंटात बसवून, कुण्या पोराच्या अंगावर पडू नयेत म्हणून. काम करताना डोळ्यावर जाड काचेचा चष्मा. तो मनिषानंच आणून दिलेला आणि तो घालतोय की नाही, हे ती येता-जाता बघायची.

“आक्का,” तो कधीमधी हसून म्हणायचा, “डोळा माझा गेला, आन् राग तुझ्यापाशी कावून?”

“गेला तुझा. पण बघितलं मी.”

यावर तो मशीन सुरू करायचा.

बद्रीनाथ सर आता म्हातारपणाकडं झुकले होते, पण तालुक्याच्या स्पर्धा तेच भरवायचे. मनिषाची शिट्टी त्यांनी इतकी वर्षं आपल्या शाळेच्या वाऱ्यालाही उभी राहू दिली नव्हती. त्यांच्या शाळेचा सामना असला की मनिषाला दुसऱ्या मैदानावर पाठवायचे. तिला ते समजत होतं. ती वाट बघत होती. वाट बघण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

आणि मग परवाच्या डिसेंबरात योग जुळून आला.

सुंदरराव वर्षापूर्वी वारले होते. संस्था, गाड्या आणि माणसं रविराजच्या हाती आली. लोक त्याला आता रवीदादा म्हणत. बापाच्या नावानं त्यानं फुटबॉलचा मोठा चषक ठेवला आणि नेमकी त्याचीच शाळा अंतिम सामन्यात पोचली. पलीकडची टीम ज्या गावची होती, तिथला सरपंच रवीदादाचा कट्टर विरोधक. म्हणजे चषक नुसता चषक राहिला नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी रवीदादानं सुंदररावांच्या पुतळ्यासमोर पोरांचा सत्कार केला. फेटे, हार, ढोलताशे. आणि सगळ्यांच्या हातात एकेक कडं. लोहार बसवून, एकेकाला पुढं बोलवून, खिळा ठोकून.

अहो, फुटबॉलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी! पण त्या मांडवात बसलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण त्या घरात कडं दागिना नव्हताच. ती इभ्रत होती. बद्रीनाथ सरही तिथंच फेटा बांधून बसले होते. वर रवीदादानं माईकवर पोरांकडून आईची शपथ वदवून घेतली, “रवीदादाच्या हातात कडं हाय, तवर आमच्या हातात कडं हाय!” टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ करून सोडला आणि संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला.

मनिषाच्या मोबाईलवरही आला. त्याच्या आधी तासभरच बद्रीनाथ सरांचा फोन येऊन गेला होता. नेमलेल्या पंचाला ताप भरला होता, दुसरा लग्नाला गेलेला, जिल्ह्याहून कुणी यायला तयार नाही.

“मनिषाबाई, उद्याचा सामना तुमालाच घ्यावा लागंल,” सर म्हणाले आणि जरा घुटमळले. “जरा सांभाळून घ्या.”

“काय सांभाळायचं सर?”

“न्हाई, तसं काय न्हाई.”

तिनं व्हिडिओ बघितला. पुन्हा बघितला. प्रत्येक खिळ्याचं डोकं वर आलेलं होतं, अगदी तेव्हासारखंच. तिनं एक फोन केला असता तर सकाळपर्यंत सगळी कडी कापून झाली असती. कुणाच्या ते ध्यानीही आलं नसतं. फोन हाताशीच होता. तिनं केला नाही. उलट जेवताना एक भाकरी जास्त वाढून घेतली.

सकाळी मैदान फुलून गेलं होतं. शामियाना, पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, मधोमध चषक, त्यामागं सुंदररावांचा हार घातलेला फोटो. मनिषा आली. काळा ड्रेस, गळ्यात शिट्टी, हातात डबा, खांद्यावर घाम पुसायचा टॉवेल. तिनं पलीकडची टीम आधी तपासली. दोघांची नखं कापली, एकाची बाळी काढली. मग सावकाश, अगदी सावकाश, ती रवीदादाच्या टीमसमोर आली.

“हात पुढं.”

सगळे हात पुढं आले. उन्हात कडी चकाकली.

“काढा.”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. हनुमान नावाचा त्यांचा कप्तान होता, उंच, काटकुळा. तो म्हणाला, “निघत न्हाईत बाई. खिळा ठोकलाय.”

“मग खेळता यायचं न्हाई. अर्धा तास थांबते. नियमात तेवढंच बसतं. मग सामना समोरच्यांचा.”

बद्रीनाथ सर धावत आले. हातात काय असावं? चिकटपट्टी. इतक्या वर्षांत माणूस दुसरं काही शिकला नव्हता.

“मनिषाबाई, मी गुंडाळून देतो ना सगळ्यांना. दोन मिनिटांचं काम.”

मनिषानं त्या चिकटपट्टीकडं बघितलं. तिचा आवाज चढला नाही, पण सरांनी नंतर लोकांना सांगितलं, की ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, “सर, मागं दोन वेढे दिलते तुमी. मी कळशी घेऊन गोलच्या मागं उभी होते. ते वेढे किती टिकले, सांगू का माईकवर?”

सरांचा हात खाली आला. ते मागं सरले आणि पुन्हा पुढं आलेच नाहीत.

मग शामियान्यातून स्वतः रवीदादा उतरला. पांढरे कपडे, गॉगल, मागं माणसं. “काय भानगड हाय? कोण हाय ही बाई?”

“मी परमेश्वरची बहीण.”

“कोण परमेश्वर?”

मनिषाला वाटलं होतं, नाव ऐकून हा दचकेल. निदान नजर चुकवेल. इतकी वर्षं ती ह्याच्या नावानं जळत होती आणि ह्याला नावसुद्धा आठवत नव्हतं! डोळा घेतला आणि विसरून गेला, रस्त्यात कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा.

“आठवंल,” ती म्हणाली. “आधी पोरांची कडी काढा.”

रवीदादानं आधी गोडीनं सांगितलं. मग बदलीची भीती घातली. मग वरच्या कुण्या साहेबांना फोन लावून मोबाईल तिच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, “मॅडम, जरा ॲडजस्ट करा ना. शाळेतली पोरं आहेत.”

“करते की साहेब,” मनिषा म्हणाली. “फक्त नियम मोडून खेळवायला तुमी सांगितलं, असं माईकवर जाहीर करते. कुणाला लागलं तर लोकांनी कुणाला इचारायचं, ते त्यांना कळाया पायजे.”

फोन कट झाला. तिनं मोबाईल परत दिला आणि घड्याळाकडं बघितलं. तिला घाई नव्हती. तिच्या मनातलं चित्र तयार होतं: अर्धा तास संपणार, ती शिट्टी वाजवणार, आणि रवीदादा आपल्या बापाच्या नावाचा चषक आपल्याच हातानं वैऱ्याच्या पोरांना देणार. समोरच्या गावची माणसं आत्ताच दबक्या आवाजात हसायला लागली होती. तो सरपंच तर खुर्चीत मांडी घालून बसला होता.

रवीदादालाही तेच चित्र दिसलं असावं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि खेकसला, “तोडा मग! पुन्यांदा ठोकता येत्यात. बोलवा कुणाला तरी!”

जवळचं दुकान कुणाचं, हे मैदानातल्या सगळ्यांना माहीत होतं. दोघं रस्ता ओलांडून गेले आणि परमेश्वरला घेऊन आले. खांद्यावर सळई तोडायची लांब दांड्यांची कातर, कमरेला कातडी हातमोजे, कपाळावर चढवलेला जाड चष्मा. त्यानं बहिणीकडं बघितलं, रवीदादाकडं बघितलं, आणि पहिल्या पोरापुढं उभा राहिला.

हनुमाननं हात मागं घेतला.

“तोडू नगा,” तो म्हणाला. भेदरला होता, पण बोलला. “आमी आईची शपथ घेतलीय. दादाच्या हातात कडं हाय, तवर आमच्या हातात. आधी दादाचं तुटू द्या, मग आमचं तोडा.”

“ये पोरा, खुळा हाय का बे?” रवीदादा गरजला. “ती बोलायची गोष्ट होती!”

“माझी आई फडावर हाय,” हनुमान म्हणाला. “तिथं तिला काई झालं तर?”

बाकीच्यांनीही हात पाठीमागं नेले. सगळ्यांच्याच आया कुठल्या ना कुठल्या फडावर होत्या. रवीदादाला त्यांना मारता येईना, रागावता येईना. शपथ त्यानंच घातलेली, माईकवर, आणि गावोगावच्या मोबाईलमध्ये तिचा पुरावा. मनिषासुद्धा थक्क झाली. हे तिच्या हिशेबात नव्हतं. तिनं हरवायचं ठरवलं होतं. इथं तर त्याहून मोठं दान पडत होतं. तिनं पुन्हा घड्याळाकडं बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, “पाच मिन्टं राहिली.”

सुंदररावांचा फोटो, चषक, सरपंचाची मांडी. रवीदादानं तिन्हींकडं बघितलं. मग एक पांढरी खुर्ची ओढून घेतली, मैदानात, सगळ्यांसमोर, आणि बसला. बापानं ठोकलेलं कडं. हात पुढं केला.

परमेश्वर त्याच्यापुढं उकिडवा बसला. कडं आता मांसात रुतलेलं होतं. त्यानं हातमोज्याच्या कातड्याचा तुकडा कड्याखाली सरकवला, म्हणजे कातडी कापायला नको. कातरीचे दात कड्याला लावून बघितले. “साहेब, जोडावरच कापावं लागंल. खिळा उडतो. कुठं उडंल सांगता येत न्हाई.”

“मग मला दे ना काहीतरी डोळ्याला!” रवीदादा म्हणाला. घाम पुसताना काढलेला गॉगल त्याच्या माणसानं मागं नेला होता, आणि त्या पातळ काचेवर त्याचा भरवसाही नसावा. “तुझा चष्मा दे.”

परमेश्वरनं कपाळावरचा चष्मा काढला. त्यासरशी त्याचा चेहरा सबंध उन्हात आला, डावीकडची ती मिटलेली खोबण आणि उजवा एकुलता एक डोळा. रवीदादा बघत राहिला. त्याच्या ओठांची हालचाल झाली. आठवलं. मनिषाला दिसलं, की आठवलं.

परमेश्वर चष्मा त्याच्या हातात देतच होता. स्वभावच तसा त्याचा. मनिषानं मधेच त्याचा हात धरला, चष्मा काढून घेतला, आणि भावाच्या डोळ्यावर चढवून मागचा पट्टा ओढला.

“आक्का, जाऊ दे की,” तो हळूच म्हणाला.

“न्हाई जाऊ द्यायची,” ती म्हणाली. मग रवीदादाकडं वळली. “चष्मा कापणाराचा असतो. तुमी डोळे मिटा.”

“आन् लागलं तर?”

इतकी वर्षं ती ज्याच्यासाठी थांबली होती, तो प्रश्न त्यानं स्वतःच्या तोंडानं विचारला. मनिषा थोडी वाकली. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल, इतक्याच आवाजात बोलली.

“खेळात लागतंच, दादा.”

त्यानं डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, दहा गावांचा मालक, पापण्या घट्ट आवळून, मान एका बाजूला चोरून बसला. गालाचं मांस थरथरत होतं. परमेश्वरनं दांडे धरले, पण तो लगेच दाबेना. दात नीट बसवत होता. ते काही क्षण रवीदादाला केवढे गेले असतील! मनिषानं त्यातला एकही वाया घालवला नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. दवाखान्याच्या फरशीवर बसून काढलेले दिवस, आईचं ते न बोलणं, उकिरड्यावरची सफरचंदं, सगळं तिनं त्या थरथरणाऱ्या गालात वसूल केलं.

कट्ट आवाज झाला. खिळा सुटला आणि शामियान्याच्या खांबावर जाऊन टणकन आदळला. “आई गं!” रवीदादा ओरडला आणि दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. कडं मातीत पडलं. त्यानं हळूहळू बोटं बाजूला केली. काही झालं नव्हतं. दोन्ही डोळे जिथल्या तिथं होते आणि दोन्हींत पाणी होतं. समोरचं गाव हसायचंही विसरलं.

“झालं साहेब,” परमेश्वर म्हणाला आणि उठून पोरांकडं वळला.

आता हनुमाननं आपण होऊन हात पुढं केला. रवीदादा अजून खुर्चीतच होता, रिकामं मनगट चोळत. मनगटावर कड्याच्या जागी पांढरा पट्टा उमटला होता. परमेश्वरनं पोराच्या कड्याखाली कातडं सरकवलं. मनिषा हनुमानच्या मागं जाऊन उभी राहिली.

“भिऊ नको,” तिनं सांगितलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि पोराच्या डोळ्यांवर आपल्या दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. “तोड रे.”

रवीदादा त्या टॉवेलकडं बघत होता. मघाशीही तो तिच्या खांद्यावरच होता.